पुराचे पाणी आणि विम्याचा हप्ता

आषाढ लागला की आमच्या सीमाभागातील नदीकाठच्या माणसाची एक सवय ठरलेली असते. सकाळी उठल्यावर तो देवाला हात जोडण्यापूर्वी नदीकडे पाहतो. घाटाची कोणती पायरी बुडाली, वडाच्या कोणत्या मुळीला पाणी लागले, यावरून तो दिवसाचा अंदाज बांधतो. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या आमच्या अन्नदात्या नद्या. त्यांच्याविषयी वावगा शब्द आमच्या तोंडून सहसा निघत नाही. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी आम्हांला एक गोष्ट शिकविली आहे. आईचा राग ओढवला, तर तो कोठवर सोसायचा आणि त्याची तजवीज आधी कशी करायची, याचा विचार लेकरांनीच करावयास हवा. या महिन्याच्या सदरात तोच विचार आपल्यापुढे ठेवावा, असे मनात आहे.

ऑगस्ट २०१९ मधील ते दिवस मला अजून स्पष्ट आठवतात. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले होते आणि पुणे-बेंगळूर रस्त्यावरची वाहतूक थांबली होती. आमची शाळा गावातल्या उंचवट्यावर असल्यामुळे तेथेच गंजी केंद्र उघडले गेले. ज्या वर्गात मी मुलांना व्याकरण शिकवीत असे, त्याच वर्गात सात-आठ कुटुंबे बोचकी उशाशी घेऊन झोपत होती. त्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडीलही होते. वय सत्तरीच्या पुढचे, अंगावर एक धोतर आणि हातात घराच्या कुलपाची किल्ली. तिसऱ्या दिवशी घर बसल्याची बातमी आली, तेव्हा ते बराच वेळ त्या किल्लीकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, "गुरुजी, पाणी दाराशी आलं की ओटी भरायची आणि आत आलं की निघायचं, असं आमची आई सांगायची. पण परत कुठं यायचं, ते काही तिनं सांगितलं न्हाई."

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा विद्यार्थी, अमेरिकेत टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरी अभियंता आहे. पुराची वार्ता कळताच तो धावत आला. शाळेच्या व्हरांड्यात बसून त्याने जी हकीकत सांगितली, ती ऐकून मी चकित झालो. बरोबर दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१७ मध्ये, हार्वे नावाच्या चक्रीवादळाने ह्यूस्टनच्या आसमंतात असा पाऊस पाडला होता की, अवघ्या चार दिवसांत कित्येक ठिकाणी चाळीस इंचांहून अधिक नोंद झाली. त्याच्याही घरात कमरेइतके पाणी शिरले होते. म्हणजे बापाचे घर वेदगंगेने नेले आणि मुलाचे घर सातासमुद्रापलीकडे पावसाने बुडविले. फरक एवढाच की, मुलापाशी पुराच्या विम्याचा कागद होता आणि बापापाशी कुलपाची किल्ली.

"गुरुजी, माझं घर तिथल्या धोक्याच्या पूररेषेबाहेर होतं. विमा घेण्याची सक्ती नव्हती. घर दाखविणारा माणूसदेखील म्हणाला, कशाला उगाच खर्च करता? पण २००५ साली आपल्या गावातलं पाणी मी पाहिलं होतं. म्हणून वर्षाला काही शे डॉलर भरून विमा घेतला." त्याच्या घराची दुरुस्ती त्या विम्यातून झाली. त्याच गल्लीतील पुष्कळ शेजाऱ्यांनी विमा घेतला नव्हता. त्यांच्या वाट्याला सरकारचे मर्यादित अनुदान आले आणि बाकीच्यासाठी कमी व्याजाचे का होईना, पण कर्जच काढावे लागले.

हा विमा कोणा खाजगी कंपनीच्या औदार्याचा नव्हे. त्याच्या पाठीशी अमेरिकेचे सरकार आहे. असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

आगीचा विमा आणि पुराचा विमा यांत मूलभूत भेद आहे. आग लागते ती सहसा एका घराला. गल्लीतील शंभर घरांनी थोडे थोडे पैसे साठविले, तर त्यातून एक जळालेले घर सहज उभे राहते. आपल्याकडील भिशीचे तत्त्व याहून फार निराळे नाही. पूर मात्र एका घराला येत नाही. तो साऱ्या गल्लीला एकाच रात्री येतो. भिशीतील सर्वांनीच एका दिवशी हात पुढे केला, तर भिशी चालविणाऱ्याने काय करावे? शिवाय दुसरी अडचण अशी की, टेकडीवर राहणारा माणूस पुराचा विमा घेण्यास येत नाही, काठावरचा तेवढा येतो. मग हप्ता वाढतो. तो वाढला की काठावरच्यांतलेही जे जरा सुरक्षित, ते अंग काढून घेतात, आणि शेवटी ज्यांचे घर हमखास बुडणार असेच लोक उरतात. अमेरिकेतील विमा कंपन्यांनी १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर या धंद्यातून जवळजवळ काढता पाय घेतला, तो याच कारणांनी. आजही तेथील घराच्या सर्वसाधारण विम्यात पुराची हानी धरलेली नसते.

१९६५ साली बेट्सी नावाच्या चक्रीवादळाने लुइझियाना राज्यात हाहाकार उडविला, तेव्हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. परिणामी १९६८ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकीर्दीत राष्ट्रीय पूर विमा कायदा झाला. त्यातील मूळ कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. सरकारने गावांना सांगितले की, आम्ही तुमच्या रहिवाशांना विमा देऊ, पण त्याबदल्यात तुम्ही नदीच्या अंगणात बेबंद बांधकाम होऊ देणार नाही आणि पूरक्षेत्रात नवे घर बांधले तर त्याची जमीन ठराविक पातळीच्या वर उचलली जाईल. एका हाताने आधार आणि दुसऱ्या हाताने शिस्त, असा हा सौदा होता. २२ हजारांहून अधिक गावे व शहरे त्यात सहभागी झाली. १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळात फार थोड्यांनीच विमा घेतल्याचे दिसून आले, म्हणून १९७३ साली असा नियम झाला की, धोक्याच्या पूरक्षेत्रातील घरावर सरकारी हमीचे अथवा सरकारी देखरेखीखालील बँकेचे कर्ज हवे असेल, तर पुराचा विमा घेतलाच पाहिजे. इमारतीसाठी अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर ही संरक्षणाची कमाल मर्यादा. विमा उतरविल्यापासून तो लागू होण्यास साधारणपणे तीस दिवस जावे लागतात. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांना तेथे वाव नाही.

धोक्याचे पूरक्षेत्र कशाला म्हणावे? ज्या ठिकाणी कोणत्याही एका वर्षी पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे, त्याला. यालाच 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असे म्हटले जाते, आणि या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. आजोबांच्या वेळी येऊन गेला, आता नातवाच्या वेळी पाहू, असा अर्थ लोक लावतात. आमच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी मला फळ्यावर हिशेब करून दाखविला. दर वर्षी पूर न येण्याची शक्यता ९९ टक्के धरली, तर सलग तीस वर्षे एकदाही पूर न येण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के उरते. म्हणजे तीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत निदान एकदा तरी घरात पाणी शिरण्याची शक्यता २६ टक्के, चारांत एकाहून किंचित जास्त. आणि फासा काही मागची आठवण ठेवीत नाही. २०१९ ला येऊन गेलेले पाणी २०२१ ला पुन्हा आले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

आता या योजनेची दुसरी बाजू. विमा उपलब्ध करून देणे सोपे, तो परवडण्याजोगा राखणेही एकवेळ सोपे. पण दोन्ही साधून तिजोरीचा मेळ घालणे महाकठीण. जुन्या घरांना सुरुवातीपासून सवलतीचे हप्ते होते. साध्या वर्षी जमाखर्च जुळत असे. परंतु २००५ च्या कॅटरिना वादळात नुकसानभरपाईपोटी सोळा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली आणि योजनेला सरकारी खजिन्याचे कर्ज घ्यावे लागले. ते वाढतच गेले. अखेर २०१७ साली तेथील संसदेने १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले, तरी २० अब्जांहून अधिक शिल्लक राहिलेच.

२०१२ साली कायदा करून सवलती काढून घेण्याचा निर्णय झाला. हप्ते एकाएकी भडकले. नदीकाठी आणि समुद्रकाठी वाडवडिलांच्या घरात राहणारे सामान्य लोक हवालदिल झाले. विम्याविना कर्ज नाही, म्हणून घर विकले जाईना, आणि विमा भरून त्यात राहवेना. एवढा गहजब झाला की, दोनच वर्षांत, २०१४ साली, दुसरा कायदा करून वाढीला लगाम घालावा लागला. बहुतेक राहत्या घरांचा हप्ता एका वर्षात १८ टक्क्यांहून अधिक वाढविता येणार नाही, असे ठरले. पण १८ टक्के म्हणजे तरी काय? दर वर्षी तेवढी वाढ झाली, तर चार वर्षांत हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने तो कोठून भरावा?

२०२१ पासून हप्ता ठरविण्याची नवी रीत आली. पूर्वी केवळ नकाशावरील पट्टा पाहत असत. आता घर पाण्यापासून किती अंतरावर, किती उंचीवर, आणि ते पुन्हा बांधण्यास खर्च किती, हे सारे पाहिले जाते. यात न्याय आहे, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी लहान घराचा मालक नकळत बंगलेवाल्याचा भार उचलीत असे. परंतु न्याय्य हप्ता आणि परवडणारा हप्ता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गरीब माणूस जेव्हा खरोखरच धोक्याच्या जागी राहत असतो, तेव्हा त्याला न्याय्य हप्ताच परवडत नाही.

तशात या योजनेला संसदेने वेळोवेळी मुदतवाढ द्यावी लागते. २०१७ नंतर ही वाढ तुकड्या-तुकड्यांनी मिळत आली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी सरकारी कामकाज ठप्प झाले, तेव्हा मुदतही संपली आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नवे विमे देणे बंद पडले. त्या दिवसांत माझ्या विद्यार्थ्याचे पत्र आले होते. त्याच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा घराचा व्यवहार केवळ या कागदावाचून अडला होता. त्याने लिहिले होते, "गुरुजी, आपल्याकडे विमा नाही म्हणून माणूस उघड्यावर पडतो. इथं विमा आहे, पण तो उद्या असेल की नाही आणि असला तर मला परवडेल की नाही, या चिंतेनं झोप लागत नाही."

इतर देशांनी या गाठी निराळ्या रीतीने सोडविल्या आहेत. फ्रान्समध्ये १९८२ च्या कायद्याने घराच्या प्रत्येक विम्यावर नैसर्गिक आपत्तीसाठी ठराविक अधिभार बसविला. तो पुष्कळ वर्षे १२ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून २० टक्के झाला. टेकडीवरचा आणि काठावरचा दोघेही एकाच दराने भरतात, आणि सरकारी हमीची एक संस्था विमा कंपन्यांच्या पाठीशी उभी राहते. ब्रिटनमध्ये २०१६ पासून सर्व गृहविमा कंपन्यांकडून वर्गणी घेऊन एक निधी चालविला जातो, जेणेकरून पूरप्रवण घरांचा हप्ता आवाक्यात राहावा. त्यात दोन अटी मोठ्या मार्मिक आहेत. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना त्याचा लाभ नाही, म्हणजे सवलतीच्या आशेने कोणी नदीत घर बांधू नये. आणि ही योजना २०३९ साली संपणार आहे, म्हणजे तोवर गावांनी आपली तटबंदी सुधारून घ्यावी.

आता आपल्या अंगणाकडे वळू. २०१९ च्या पुरानंतर आमच्या राज्य सरकारने घरातील नुकसानीसाठी तातडीचे दहा हजार आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी पाच लाख रुपये जाहीर केले. ही मदत लहान नव्हती आणि तिचे ऋण मी नाकारीत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे घर तिच्यातूनच उभे राहिले. परंतु पंचनाम्यात घरांचे वर्ग पाडले गेले, आणि ज्याच्या सर्व भिंती कोसळल्या तो एका वर्गात, तर ज्याची एखादी भिंत उभी राहिली तो दुसऱ्या वर्गात गेला. आपले घर पुरेसे पडले नाही, याचे दुःख करणारी माणसे मी त्या वर्षी पाहिली. अर्ज लिहून घेण्यासाठी ती माझ्याकडे येत. त्या अर्जांच्या शेवटी 'कृपा व्हावी ही विनंती' असे लिहिताना माझा हात दर वेळी अडखळे. मदत ही कृपा असते. ती कधी येते, कधी येत नाही, कधी पुढच्या पुराइतकी उशिरा येते. विमा हा करार असतो. त्यात मागणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

आपल्या देशात पिकासाठी असा करार आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याने खरिपास दोन टक्के, रब्बीस दीड टक्का आणि नगदी वा बागायती पिकांस पाच टक्क्यांपर्यंत हप्ता भरावयाचा आणि उरलेला भार केंद्र व राज्य सरकारांनी उचलावयाचा, अशी व्यवस्था आहे. तिच्याविषयी तक्रारी आहेत, पण तत्त्व मान्य झाले आहे. मग ज्या घराच्या माळ्यावर ते पीक साठवायचे, त्या घरासाठी हेच तत्त्व का नसावे? हप्त्याचा काही भाग घरमालकाने, काही ग्रामपंचायतीच्या घरपट्टीसोबत गावाने आणि मोठा भाग सरकारने भरावा. अतिवृष्टीच्या वर्षी कंपन्यांच्या पाठीशी सरकारने हमी द्यावी.

मात्र अमेरिकेचा अनुभव पाहता तीन पथ्ये पाळावीच लागतील. पहिले, धोक्याचा खरा हप्ता कागदावर लपवू नये. सवलत द्यावयाची ती घराकडे पाहून नव्हे, तर घरवाल्याच्या ऐपतीकडे पाहून द्यावी. दुसरे, सवलत जुन्या घरांना असावी. पूररेषेच्या आत नवी बांधकामे करणाऱ्यांना ती देऊ नये, नाही तर लोकांच्या पैशाने नदीत घरे बांधली जातील. तिसरे, जे घर पुनःपुन्हा बुडते, त्याला पुनःपुन्हा भरपाई देण्याऐवजी एकदाच जोते उंच करण्यास अथवा जागा बदलण्यास पैसे द्यावेत. ही पथ्ये पाळली नाहीत, तर सवलतीचा बोजा साचत जातो आणि एक दिवस तो एकदम गरिबांच्याच माथी येऊन पडतो, जसा तेथे २०१२ साली आला.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण काय करावे? १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशानुसार सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित घरविमा पॉलिसी द्यावी लागते. तीत आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप व दरड यांचेही संरक्षण आहे. विम्याची रक्कम जागेच्या किमतीवर नव्हे, तर घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते. इमारतीचा विमा घेतला की, घरातील साधारण सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. बँकेच्या कर्जावर घर बांधले असेल, तर बँकेने विमा उतरविला आहे काय आणि तो किती रकमेचा व कोणत्या मुदतीचा, हे जाऊन विचारावे. भिंती मातीच्या असतील, तर त्या घराला संरक्षण मिळते काय, हे हप्ता भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे. पॉलिसी, घराचा उतारा आणि घराची छायाचित्रे एका जलरोधक पिशवीत बांधून ठेवावीत आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्यावी.

वाचकहो, इतरांना शिकविणाऱ्याने आधी आपल्या पाटीवर लिहून दाखवावे, असा आमच्या पेशाचा दंडक आहे. म्हणून एक कबुली देतो. २०१९ च्या पुरात शाळेत शेकडो माणसांची सोय लावणाऱ्या या मुख्याध्यापकाच्या स्वतःच्या घराला त्या वेळी विम्याचे कवच नव्हते. पाणी माझ्या उंबऱ्यापासून तीन हातांवर थांबले, यात माझे काही कर्तृत्व नाही. त्या पावसाळ्यानंतर मी घराचा विमा उतरविला आणि दर वर्षी चैत्रात, पाडव्याची गुढी उतरविली की, त्याचा हप्ता भरतो. पत्नी म्हणते, "पाणी आलंच नाही तर पैसे वाया." मी म्हणतो, "वाया जावोत, हीच इच्छा."

माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे नवे घर आता जुन्या जागेपासून थोडे वर, चार फूट जोत्यावर उभे आहे. मागच्या पावसाळ्यात मी गेलो, तेव्हा ते ओट्यावर बसून नदीकडेच पाहत होते. जुन्या कुलपाची किल्ली अजून त्यांच्या कमरेला होती. तिच्याशेजारी मुलाने आणून दिलेली प्लास्टिकची एक पिशवी खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यात घराचे कागद होते. "पाणी वाढतंय, गुरुजी," ते म्हणाले. पण उठण्याची घाई त्यांना नव्हती.